पिवळा दिवा, चाकातला बिल्ला आणि टायरवाल्याचं टूल

डिसेंबरात सकाळी दुकानाचं शटर वर होत नाही तोच एखादी गाडी येऊन उभी राहते. काच खाली होते आणि ठरलेला प्रश्न येतो, "भाऊ, हवा तर परवाच भरली, मंग हा पिवळा दिवा काहून पेटला?" टायर उभा कापला तर दिसेल तसा आकार, मध्ये उद्गारचिन्ह. ही खूण आता आमच्याकडच्या बऱ्याच गाड्यांच्या मीटरवर असते आणि बहुतेकांना तिचा अर्थ कोणी सांगितलेला नसतो.

कारंजा-मंगरूळपीर रस्त्यावर माझं टायरचं दुकान आहे. ११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला, कारंज्याहून त्यावर चढायची सोय झाली आणि माणसं १२० च्या वेगानं जायला लागली. टायर फुटून झालेल्या अपघातांच्या बातम्या यायला लागल्या तशी लोकांना टायरच्या हवेची काळजी वाटू लागली. ते चांगलंच झालं. पण त्यासोबत आजूबाजूच्या गावांतल्या टायरवाल्यांचे फोनही सुरू झाले: "ते सेन्सरचं टूल घ्यायचं म्हणतो, कोणतं घेऊ?" गाडीवाला आणि टायरवाला, दोघांच्या प्रश्नांचं मूळ एकच आहे, म्हणून दोघांसाठी एकत्रच लिहितो.

गाडीला हवा कमी झाल्याचं कळतं कसं

या सोयीला टीपीएमएस म्हणतात, म्हणजे टायरमधल्या हवेच्या दाबावर लक्ष ठेवणारी यंत्रणा. ती दोन जातींची असते. कोणती जात कशी ओळखायची हे ज्याला कळलं, त्याचे निम्मे पैसे वाचले.

पहिल्या जातीत चाकात काहीच बसवलेलं नसतं. जत्रेत बापाचं बोट धरून चालणारं पोर आठवा. बाप एक पाऊल टाकतो तेवढ्यात पोराला दोन टाकावी लागतात. तसंच, हवा कमी झालेला टायर थोडा बसतो, त्याचा घेर लहान पडतो आणि बाकीच्या तिघांसोबत राहायला त्याला जास्त फिरावं लागतं. ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या एबीएससाठी चाकांचा वेग मोजणारे सेन्सर गाडीत असतातच. त्यांच्याच आकड्यांवरून गाडी ताडते की एक चाक जास्त पळतंय. फोक्सवॅगन व्हर्टस, टायगुन आणि टाटाच्या ज्या गाड्यांवर 'आयटीपीएमएस' लिहिलेलं असतं त्या या जातीच्या. अशा गाडीला कसलंही टूल लागत नाही. चारही टायरमध्ये नीट हवा भरायची, मीटरच्या मेनूतून किंवा बटण दाबून 'हीच हवा बरोबर' असं गाडीला एकदा सांगायचं, झालं काम. या कामाचे कोणी सेन्सरच्या नावानं पैसे मागितले तर देऊ नका.

दुसऱ्या जातीत प्रत्येक चाकात, व्हॉल्व्हच्या आतल्या टोकाला, आगपेटीएवढा एक काळा तुकडा बसवलेला असतो. तो दाब आणि तापमान मोजतो आणि रेडिओ लहरींवर गाडीला कळवतो. क्रेटा, सेल्टोस, एमजी हेक्टर यांच्या वरच्या व्हेरियंटमध्ये चारही चाकांचे वेगवेगळे आकडे स्क्रीनवर दिसतात. आकडे दिसले की चाकात सेन्सर आहे असं समजा. नुसता दिवा असेल तर मात्र अंदाज बांधू नका, कारण काही गाड्यांत सेन्सर असूनही आकडे दाखवत नाहीत. धातूच्या व्हॉल्व्हला बाहेरून नट दिसला तर आत सेन्सर असण्याची शक्यता मोठी. पण रबरी व्हॉल्व्ह दिसला म्हणून आत काही नाही असंही नाही.

चाकातला बिल्ला

गाईच्या कानात सरकारी पिवळा बिल्ला असतो, त्यावर १२ आकडी नंबर असतो. त्या नंबरवर त्या जनावराची सगळी नोंद. सेन्सरचं अगदी तसंच. प्रत्येकाला कारखान्यातच स्वतःचा नंबर मिळालेला असतो आणि तो हवेचा आकडा पाठवताना दर वेळी आपला नंबरही पाठवतो. गाडीच्या मेंदूत चार नंबरांची यादी असते. शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या क्रेटाचे सेन्सरही त्याच वेळी बोलत असतात, पण यादीत त्यांचे नंबर नाहीत म्हणून तुमची गाडी त्यांचं ऐकत नाही.

आता नवा सेन्सर टाकला तर काय होईल? तो बोलेल, पण गाडी ऐकणार नाही. आपल्या गोठ्यात नवी गाय बांधली तरी डॉक्टरांच्या रजिस्टरमध्ये नोंद होईपर्यंत कागदावर ती आपली नसते. हे नाव यादीत चढवणं म्हणजेच रिलर्न. पुढे मी त्याला साधं 'नोंद' म्हणेन.

सेन्सरच्या पोटात छोटी लिथियमची बॅटरी असते. ती बाहेरून बदलता येत नाही, सगळं आत ओतून बंद केलेलं असतं. साधारण ५ ते १० वर्षांत ती संपते आणि मग अख्खा सेन्सर बदलावा लागतो. बॅटरी वाचवायला तो गाडी उभी असताना झोपलेला असतो. रात्री वावरात जागलीला गेलेला माणूस माचाणावर पडून असतो आणि धुऱ्यावर खसपस झाली की उठून बसतो, तसा हा चाक फिरलं की जागा होतो. चाक न फिरवता त्याला उठवायचं असेल तर १२५ किलोहर्ट्झच्या लहरीनं हाक मारावी लागते. ती हाक मारणं हे टूलचं पहिलं काम.

दिवा स्थिर की लुकलुकणारा

गाडी चालू केल्यावर दिवा पेटला आणि तसाच राहिला, तर हवा कमी आहे. आधी मिनिट-दीड मिनिट लुकलुकला आणि मग स्थिर झाला, तर यंत्रणेतच बिघाड आहे: सेन्सर मेला, तुटला किंवा यादीत नाही. गाडी दुकानात आणताना एवढं एक नीट पाहून आलात तर आमचा अर्धा तास वाचतो.

थंडीतल्या दिव्याचं कारण अगदी साधं आहे. टायरमधली हवा तापली की फुगते, गार झाली की आकसते. ढोबळ हिशेब असा की तापमान ६ अंशांनी उतरलं की दाब साधारण १ पीएसआयनं उतरतो (आपण '३३ हवा' म्हणतो ती याच मापात). मे महिन्यात आपल्याकडे दुपारी पारा ४५ ला टेकलेला असताना कोणी ३३ हवा भरली आणि तोच टायर डिसेंबरच्या पहाटे १० अंशांत उभा राहिला, तर एक कण बाहेर न जाता ती २८ च्या आसपास येते. त्यात महिन्या-महिन्याला थोडी हवा आपसूक झिरपतेच. ३३ ची २५-२६ झाली की दिवा पेटतो. गाडी थोडी चालली, टायर तापले की तो विझतो आणि माणसाला वाटतं यंत्रच खोटं बोलतंय. यंत्र खरं बोलतंय. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर जो आकडा लिहिलाय तो थंड टायरचा आहे, तेवढी हवा सकाळी भरा.

उलट चूक उन्हाळ्यात होते. नागपूरहून भर दुपारी आलेल्या गाडीच्या स्क्रीनवर ३८-३९ दिसतं, माणूस घाबरून हवा काढायला लावतो. काढू नका. टायर गार झाला की तीच हवा कमी पडेल. कमी हवेचा टायर चालताना बाजूनं जास्त वाकतो, वाकण्यानं तापतो आणि १२० च्या वेगावर, तापलेल्या काँक्रीटवर तेच तापणं त्याला फाडतं.

टूल नेमकं काय करतं

आता टायरवाल्यांशी बोलतो. 'सेन्सरचं टूल' या एका नावाखाली तीन वेगळ्या चीजा विकल्या जातात आणि फसगत होते ती इथेच.

सगळ्यात साधं टूल फक्त हाक मारतं. त्यातलं बरं असेल ते सेन्सरनं दिलेलं उत्तर वाचून दाखवतं: नंबर, दाब, तापमान, बॅटरी ठीक की उतरलेली. त्याच्या वरचं टूल कोऱ्या सेन्सरमध्ये त्या गाडीची भाषा भरतं. त्यालाच प्रोग्रामिंग म्हणतात. बाजारात मिळणारा युनिव्हर्सल सेन्सर कोऱ्या किल्लीसारखा असतो, कोणत्या कुलपाची दाती पाडायची ते टूल ठरवतं. तिसऱ्या प्रकारचं टूल याशिवाय गाडीशीही बोलतं. स्टिअरिंगखाली ओबीडी नावाचं सॉकेट असतं, त्यात वायर लावून नवे नंबर थेट गाडीच्या यादीत चढवता येतात.

काही गाड्या पंधरा-वीस मिनिटं चालवल्या की नवा नंबर स्वतःच शिकतात. काहींना मेनूतून शिकवण्याच्या अवस्थेत नेऊन एकेका चाकाला हाक मारावी लागते. काही मात्र सॉकेटमधून सांगितल्याशिवाय ऐकतच नाहीत. तुमच्या दारात येणाऱ्या गाड्या यांपैकी कोणत्या, त्यावर टूल ठरतं.

एक पळवाटही आहे. जुन्या सेन्सरचा नंबर वाचून तोच नव्यात भरायचा. मेलेल्या गाईचा बिल्ला नव्या गाईच्या कानात घातल्यासारखं. गाईच्या बाबतीत ती लबाडी, सेन्सरच्या बाबतीत ती मान्य पद्धत. गाडीला फरक कळत नाही, म्हणून नोंदीची गरज उरत नाही. जुन्याची बॅटरी पूर्ण संपली असेल तर बहुधा त्याच्या अंगावर नंबर छापलेला असतो, तो हातानं टाकता येतो. मात्र जुना सेन्सर थोडाही जिवंत असेल तर गाडीतून बाजूला करा. एकाच नंबरचे दोघं बोलायला लागले तर गाडी कोणाचं ऐकणार?

घेण्याआधी सेन्सर पाहा, मग टूल

माझं ठाम मत असं आहे की टूल एकटं विकत घेऊच नये. बहुतेक टूल आपल्याच कंपनीचे कोरे सेन्सर प्रोग्राम करतात. उदाहरणार्थ, ऑटेल कंपनीचे एमएक्स नावाचे कोरे सेन्सर ऑटेलच्याच टूलनं होतात. म्हणजे आज टूल निवडलं की पुढची पाच-सात वर्षं सेन्सर कोणाकडून घ्यायचे तेही ठरलं. नागपूर किंवा अकोल्याच्या ज्या दुकानदाराकडून टूल घेणार, त्याला आधी विचारा की कोरे सेन्सर आज कपाटात किती आहेत. "मागवून देतो" हे उत्तर मला पुरत नाही. चाक खोलून गिऱ्हाईक बाकड्यावर बसलेलं असतं आणि सेन्सर चार दिवसांनी येणार, असं धंद्यात चालत नाही.

दुसरी गोष्ट गाड्यांच्या यादीची. ही यंत्रणा अमेरिकेत सप्टेंबर २००७ पासून सगळ्या नव्या छोट्या गाड्यांना सक्तीची झाली, युरोपात नव्या कारना नोव्हेंबर २०१४ पासून. त्यामुळे पुष्कळ टूलांच्या याद्या तिथल्या गाड्यांच्या असतात. पेटीवर हजारो गाड्या चालतात असं लिहिलेलं असतं, आणि आपण मेनू उघडला की आपली गाडी नसते किंवा दुसऱ्याच नावानं असते. क्रेटा चीनमध्ये आयएक्स२५ नावानं विकली गेली, हे माहीत नसलेला माणूस यादी खालीवर करत बसतो. म्हणून टूलमध्ये भारताचा वेगळा विभाग आहे का ते पाहा. अपडेट किती वर्षं फुकट, नंतर किती पैसे, हे बिलावर लिहून घ्या. दर वर्षी नवं मॉडेल येतं, अपडेट बंद झालेलं टूल हळूहळू खेळणं होतं.

तिसरी गोष्ट लहरीची. सेन्सर दोन मुख्य लहरींवर बोलतात, ३१५ आणि ४३३ मेगाहर्ट्झ. अमेरिकेच्या बाजारात ३१५ चे पुष्कळ, आपल्याकडच्या बहुतेक गाड्या ४३३ वाल्या. ऑनलाइन स्वस्तात मिळणारा सेन्सर ३१५ चा निघाला तर तो ठणठणीत असूनही गाडीसाठी मुका.

आणि एका टूलपासून जपा. ईएल-५०४४८ या नंबराचं, मोबाइलपेक्षा जाड असं एक छोटं टूल ऑनलाइन फार स्वस्त दिसतं. ते जनरल मोटर्सच्या गाड्यांसाठी आहे आणि फक्त हाक मारतं, प्रोग्रामिंग करत नाही. त्या कंपनीनं आपल्या देशात गाड्या विकणं २०१७ मध्येच बंद केलं. आमच्या ओळखीच्या एका पोरानं ते मागवलं, सगळ्या गाड्यांवर लावून पाहिलं आणि शेवटी मलाच विचारायला आला. त्याची काही चूक नव्हती, 'टीपीएमएस टूल' एवढंच नाव वाचून कोणीही घेईल.

टायर खोलताना

टूल कितीही भारी असो, सेन्सर मोडतो तो पान्ह्या-लेव्हरनंच. माझ्या हातून मोडलाय. चाक मशीनवर घेतलं, व्हॉल्व्ह कुठे आहे ते न पाहता टायरची कड दाबायचा पंजा लावला, पाय दाबला आणि आतून सुक्या फाट्यासारखा 'कट्' आवाज आला. टायर उचलला तर काळा तुकडा रिममध्ये मोकळा पडलेला आणि त्याची मान व्हॉल्व्हलाच राहिलेली. गाडी एका शिक्षकांची होती. मी स्वतःहून सांगितलं आणि नवा सेन्सर माझ्या पैशानं घातला. तेव्हापासून खडूनं व्हॉल्व्हच्या जागी टायरवर रेघ मारल्याशिवाय माझ्या दुकानात चाक मशीनवर चढत नाही. पंजा नेहमी व्हॉल्व्हपासून लांब, समोरच्या बाजूला लागतो.

टायर खोलण्याआधी चारही चाकांना टूल लावून वाचन घ्या आणि ते गिऱ्हाइकाला दाखवा. एखादा सेन्सर आधीच मेलेला असेल तर ते आधीच कळलेलं बरं, नंतर सांगितलं तर कोणी मानत नाही. टायर काढला की व्हॉल्व्हचं रबर, नट आणि पिन नवी घाला. ॲल्युमिनियमच्या व्हॉल्व्हमध्ये साधी पितळी पिन घालू नका, दोन धातू ओलाव्यात एकमेकांना खातात आणि पुढच्या वेळी पिन निघत नाही. तिथे निकेल चढवलेलीच पिन लागते. नट आवळताना जोर नको. प्रोग्रामिंग करताना एकच कोरा सेन्सर टूलजवळ ठेवा, बाकीचे लांब, नाहीतर हाक एकाला आणि उत्तर दुसऱ्याचं असं होतं.

आपल्या भागात बाभळीच्या काट्यांमुळे टायरमध्ये पंक्चरचं लिक्विड टाकायची सवय आहे. ते लिक्विड सेन्सरच्या दाब घेणाऱ्या बारीक छिद्रात जाऊन बसू शकतं. सेन्सरला चालेल असं डब्यावर स्पष्ट लिहिलं नसेल तर सेन्सरवाल्या चाकात ते टाकू नका.

"दिवा पेटू द्या ना, काय फरक पडतो?"

हे मी रोज ऐकतो. काहीजण त्यावर काळी पट्टी चिकटवून येतात. बाभळीचा काटा टायर एकदम बसवत नाही. तो तसाच रुतून राहतो आणि हवा दोन-तीन दिवसांत जाते. बसल्या जागी ते कळत नाही, चालवताना तर मुळीच नाही. हे ओळखणारा एकच जण गाडीत आहे आणि तुम्ही त्याच्या तोंडाला पट्टी लावताय. शिवाय २०२० मध्ये केंद्रानं नियम बदलून ट्यूबलेस टायर, पंक्चरचं किट आणि ही यंत्रणा असलेल्या लहान प्रवासी गाड्यांना स्टेपनीची सक्ती काढली. डिकीत स्टेपनी नसलेल्या गाडीचा मालक तर या दिव्यावरच अवलंबून आहे.

"आम्ही नायट्रोजन भरतो"

नायट्रोजन कोरडा असतो, रिमच्या आतल्या बाजूला बरा. पण तापमानाचा जो हिशेब वर मांडला तो नायट्रोजनलाही तसाच लागू आहे, कारण साध्या हवेतही ७८ टक्के तोच असतो. काटा दोन्ही गॅसना सारखाच बाहेर काढतो.

"टोपीवाले सेन्सर लावले तर?"

व्हॉल्व्हच्या टोपीच्या जागी बसणारे सेन्सर आणि सोबत छोटा स्क्रीन असा संच मिळतो. ज्या गाडीत ही यंत्रणा मुळातच नाही, तिच्यासाठी तो मला पटतो. प्रोग्रामिंगचं टूल लागत नाही, बॅटरी घरी बदलता येते. तोटे दोन: टोपी नीट बसली नाही तर तिथूनच हवा जाते, आणि बाजाराच्या दिवशी गाडी उभी राहिली की चोरीला जाते. पण गाडीत कंपनीचा सेन्सर मेलाय आणि दिवा विझवायचाय, तर टोपीचा सेन्सर ते करणार नाही. गाडीच्या यादीत त्याचं नाव कधीच चढत नाही.

"आपल्या गावात अशा गाड्या येतात तरी किती?"

टायरवाल्यासाठी हाच खरा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर कोणताही विक्रेता देणार नाही. ते तुमच्या दारातच मिळेल. मी तीन महिने काउंटरवर एक वही ठेवली. गाडी, साल, स्क्रीनवर आकडे दिसतात का, दिवा कसा पेटतो, एवढंच लिहीत गेलो. समजा टूल तीस हजारांना पडलं आणि एका सेन्सरच्या कामात मजुरीचे पाचशे सुटले, तर साठ सेन्सर बसल्यावर पैसे वसूल. महिन्याला दोन गाड्या येत असतील तर थांबा, नुसतं वाचन करणारं टूल घ्या आणि बाकीचं काम शहरात पाठवा. आठ-दहा येत असतील तर ओबीडीवालं घ्या. आमच्याकडून कंपनीच्या वर्कशॉपला जायचं म्हणजे अकोला किंवा अमरावती, साठ-सत्तर किलोमीटर जाणं आणि तेवढंच येणं. कापूस वेचणीच्या दिवसांत एका दिव्यासाठी कोणाचा अख्खा दिवस जात असेल तर ते काम गावातच व्हायला हवं.

माझ्या वहीत निम्म्याहून जास्त गाड्या आकडे दाखवणाऱ्या निघाल्या, त्यातही ह्युंदाई आणि किया सगळ्यात जास्त. म्हणून मी ओबीडीवालं टूल घेतलं. पैसे देण्याआधी त्या शिक्षकांची गाडी नागपूरला घेऊन गेलो, दुकानदाराच्या दारातच चारही चाकांना टूल लावलं, मी बसवलेल्या सेन्सरसकट चारही नंबर वाचून दाखवले, मगच खिशात हात घातला. सोबत त्याच कंपनीचे आठ कोरे सेन्सर घेतले. त्यातले पाच उरलेत.